डावखुऱ्याचा पंख

आमच्या कंपनीच्या पाट्या बहारीनमधल्या सलमाबादला एक वसईकर पेंटर रंगवायचा. प्रत्येक बोलणं तो ‘खलास’ म्हणून संपवायचा. ऐंशीच्या सुमारास सुट्टीत आम्ही दोघं तिथून इटलीतला एक जुना राजवाडा बघायला गेलो. चित्रांची दालनं बघून तिथल्या चॅपलमध्ये आलो, तर वेदीवरच्या चित्रासमोर तो थबकला.

“देवदूताचा हा पंख दुसऱ्याच कुणीतरी रंगवलाय. डावखुऱ्यानं. खलास,” तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

गाईड हसला. “आपण कोण?”

“पेंटर.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात राजवाड्याचे म्हातारे व्यवस्थापक पुढे आले. “बरोबर! आम्हाला हे कळायला कित्येक वर्षं लागली,” म्हणत त्यांनी समोरची दोरी काढून त्याला वेदीजवळ नेलं.

त्यानं क्रूसाची खूण केली. मग ब्रशचा एकेक फटकारा तो दाखवत गेला आणि गाईड निमूटपणे वहीत उतरवून घेत राहिला.