पाणी सोडलं

मला दिवस गेले आणि पोटात पाण्याचा थेंब ठरेना. सगळ्याच बायकांना होतं, तिसऱ्यात थांबतं, असं म्हणता म्हणता चौथा महिना लागला. आमचे हे मुंबईला गिरणीत. माहेर रत्नागिरीत, म्हणून सासूबाईंनी हर्ण्याहून बोटीने मला आईकडे धाडलं. पेज पाजली की उलटून पडे. शेवटी वडिलांनी उचलूनच डॉक्टरांकडे नेलं.

तिथे मांडीत सुई खुपसून मिठाचं पाणी भरू लागले. परपुरुषासमोर मांडी उघडी! मी तोंडावर पदर ओढला, म्हणजे मांडी दुसऱ्या कुणाची तरी. ती टम्म फुगायची नि हळूहळू ओसरायची. "समुद्राकाठची मी, मला मीठ कसलं घालताय?" मी पुटपुटले. आई म्हणाली, "मरायला टेकलीस तरी तोंड मिटत नाही गो तुझं!" दुसरं पाणी साखरेचं, ते हाताच्या शिरेतून. त्याने अंगात ऊब यायची, डोळ्यांपुढची अंधारी सरायची.

वडिलांनी विचारलं, दोहोंत चांगलं कुठलं? डॉक्टर म्हणाले, "मिठाचं पाणी तहान भागवतं, साखरेचं धुगधुगी टिकवतं. पण अंगावर मांस धरेल असं सत्त्व दोहोंत नाही. डाळीतलं, माशातलं, दुधातलं ते सत्त्व जसंच्या तसं शिरेत घातलं तर माणूस दगावेल. ते फोडून त्याचं पाणी करायची खटपट परदेशात चाललीय म्हणतात. आपल्याकडे नाही. तेव्हा पोरीला जेवावंच लागेल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात भात असून जेवत नव्हते, तो गुन्हा माझाच ना!

त्याच दिवशी धाकटे दीर चौकशीला आले. बायकांच्या खोलीत शिरायला लाजले आणि बाहेरच कंपाउंडरला विचारलं. तो घाईत म्हणाला, "डॉक्टरांनी पाणी सोडलंय." म्हणजे नळीतून चालू केलंय. दिरांनी ऐकलं ते आपलं नेहमीचं. माणसावर पाणी सोडलं म्हणजे त्याची आशा सोडली. ते तसेच बंदरावर गेले, बोट धरली नि घरी जाऊन ढसाढसा रडले.

पुढच्या बोटीने सासूबाई आल्या. तोवर माझ्या पोटात पेज ठरू लागली होती. त्या छाती पिटत दारातून आत आल्या, तर मी खाटेवर बसून लोणच्याशी पेज भुरकतेय! त्या थबकल्या. काखेतलं गाठोडं निसटून सुटलं. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, खण, नारळ, हळदकुंकू. सवाष्ण गेली की तिला नेसवून सजवतात, ते सगळं. सासूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "डोहाळजेवणाचं आणलंय हो. आगाऊच." आई म्हणाली, "बरं केलंत." माझ्या तोंडाला कधी नव्हे ते कुलूप लागलं.

सातव्या महिन्यात तेच नेसून मी पाटावर बसले. बायका म्हणाल्या, अगो बाई, सासूने हात सैल सोडला हो! ओटी भरताना सासूबाई माझ्याकडे बघेनात. माझीही मान खाली. लग्न झाल्यापासून इतकं चांगलं लुगडं मला कुणी घेतलं नव्हतं. आणि खरं सांगू? ते मला फार आवडलं होतं. लाज वाटली ती त्याची.