दोन ठोक्यांच्या मधे

मटार सोलता सोलता माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हात थांबले. डोळे उघडे होते, पण हाक मारली तरी पापणी हलेना. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. नाडीचा एक ठोका लागला आणि दुसरा येईचना. मग तो आला, आणि अक्का अर्ध्यावर सोडलेलं वाक्य पुढे बोलू लागली.

"हृदय फार सावकाश चालतंय," डॉक्टर म्हणाले. पेसमेकर बसवला. आता ती जिने चढते, भांडतेसुद्धा. पण दोन ठोक्यांमधल्या त्या जागेचा विचार माझी पाठ सोडत नाही.

काल विचारलंच, "तेव्हा काय वाटलं गं?"

"काहीच नाही. समोरची तू एकदम शेजारी दिसलीस. मधे मी कुठे होते, ते तूच सांग."