जिथं माझं कोणी नाही त्या गावाची गाडी

फिरायला जायचं गाव निवडण्यात माणूस किती तोंडघशी पडू शकतो, हे ऐकायचं असेल तर बसा, चहा घ्या, सांगतो. चौथीत शाळा सोडलेल्याला नकाशा काय कळणार, असं म्हणून आधीच हसू नका. नकाशाची काही चूक नव्हती. सगळा घोळ माझ्या डोक्यानं केला, आणि तोही आतून नाही, वरून.

दादाची तेरवी नुकतीच झाली होती. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. थंडीताप आला, तो मेंदूत चढला आणि दादा गेला. त्याच्याबद्दल मी जास्त बोलत नाही, बोललो तर किस्सा राहील बाजूला. एवढंच सांगतो, की धाकटा म्हणून मी डोकं भादरलं होतं आणि राजुऱ्यातलं आमचं सायकलचं दुकान एकट्यानं उघडायला माझा हात धजत नव्हता.

त्यात भेटायला येणारी माणसं. आमच्याकडे पद्धत अशी, की येईल त्याला आजार पहिल्यापासून सांगायचा. थंडी कधी वाजली, औषध कोणी दिलं, शेवटचं पाणी कोणाच्या हातचं प्याला. सांगणाऱ्यानं रडायचं, ऐकणाऱ्यानं रडायचं, मग चहा. आणि चहा पिऊन उठता उठता तो माणूस एक वाक्य टाकणारच, "जरा लवकर न्याले पाह्यजे होतं रे." टाकलं, की चपला घालून मोकळा. तुम्हीच सांगा, ते वाक्य घेऊन घरच्यांनी करायचं काय?

एके दिवशी सकाळी सकाळी तिसरा पाहुणा तेच बोलून गेला आणि माझं टाळकं सरकलं. मी मायला म्हणालो, "मी दोन दिवस बाहेर जातो. एकटा."

माय म्हणाली, "जा बापा. नागपूरले आत्याकडं जा."

आत्याचे गुडघे धरलेले, म्हणून ती तेरवीला आली नव्हती. म्हणजे तिचं रडणं अजून पूर्ण बाकी होतं. नागपूर बाद.

शेजारच्या पानठेल्यावरचा गजा, माझा दोस्त. तो म्हणाला, "मार्कंड्याले जा न बे. नदी पाय, देऊळ पाय, मन शांत होते."

"अन् हे डोकं? हे घेऊन घाटावर गेलो तं दोन भटजी मले अर्धा अर्धा वाटून घेतीन."

"मंग चंद्रपुरातच ऱ्हाय. सिनेमा पाय."

चंद्रपूरचा मला त्या दिवसांत एकच रस्ता माहीत होता, स्टँड ते मोठा दवाखाना. त्यातला प्रत्येक बाक मला ओळखत होता. चंद्रपूरही बाद.

आता बघा, एवढे दोन मोठे जिल्हे, एवढं जंगल, आणि त्यात मला रडवणार नाही असं एक गाव सापडू नये? वैतागून मी पिशवी उचलली आणि थेट चंद्रपूरचा स्टँड गाठला. चौकशीच्या खिडकीत एक जाड भिंगाचे साहेब बसले होते. त्यांना म्हणालो, "साहेब, असी गाडी सांगा, जिथं माह्यं कोणीच नाई."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "सिरोंचा. तिथी कोणाचंच कोणी नाई. म्हणून तं सरकार आमची बदली तिथी करते."

झालं. चढलो. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता माझं डोकं पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "कोण गेलं, भाऊ?" मी झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेऊन घेऊन मान अवघडली, पण आलापल्ली मागं पडली, सागाचं जंगल मागं पडलं, आणि दिवस कलता कलता गाडी सिरोंच्याला लागली. पाट्या तेलुगू, बोलणं तेलुगू, समोर गोदावरी. मला एक अक्षर कळेना. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

स्टँडजवळ एका म्हातारीची खानावळ होती. सगळे तिला अम्मा म्हणत. मी जाऊन बाकावर बसलो, तर शेजारी भात कालवणारा माणूस हात धुऊन उठला, माझ्यासमोर आला आणि त्यानं मला वाकून नमस्कार केला.

मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत.

"तिरुपति से आया?" त्यानं विचारलं.

आता गंमत अशी, की आमच्या राजुऱ्यात गुळगुळीत डोकं म्हणजे घरात कोणी गेलं. आणि त्या मुलखात गुळगुळीत डोकं म्हणजे नवस फेडून तिरुपतीहून आला. ते एवढे दक्षिणेकडचे लोक, त्यांची अर्धी भावकी नदीपलीकडे. मला हे कुठं माहीत? पण तो माणूस हसत होता. तेरवीनंतर माझ्याकडे बघून हसलेला तो पहिला माणूस. मी मान हलवून हो म्हणालो.

बस, तिथं घसरलो.

"प्रसाद?" तो म्हणाला आणि हात पुढे केला. पिशवीत मायनं मोहफुलांचे लाडू दिले होते. काढला एक. त्यानं डोळे मिटून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि मलाही कळावं म्हणून हिंदीतच बाकीच्यांना सांगितलं, की यंदा देवाचा लाडू काळा आहे, पण चव चांगली आहे. मग काय विचारता. अख्खी खानावळ हात पुढे करून उभी. मीही चिमूट चिमूट वाटत सुटलो. माझ्या मायच्या हाताला बालाजीची चव आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मन्नत किसकी थी?" अम्मानं चुलीजवळून विचारलं.

"भाई की," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं. दुसरं काही डोक्यात होतंच कुठं? "भाई बीमार था. बहुत बुखार."

"अब कैसा है?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण ती विचारत होती, कसा आहे. होता कसा, असं नाही. राजुऱ्यात मला हे कोणीच विचारणार नव्हतं. मी म्हणालो, "अच्छा है."

आणि मग मला थांबता येईना. दादा दुकानात बसतो म्हणालो. वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करण्यात त्याचा हात कोणी धरत नाही म्हणालो. सकाळी उठून मला शिव्या देतो, रात्रीची उरलेली भाजी भाकरीवर घेऊन उभ्यानंच खातो. माझं हिंदी म्हणजे देवाचं नाव, पण एक जण तेलुगूत सांगत होता, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगत असावा, कारण दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला. अम्मानं माझ्याकडून जेवणाचं काही घेतलं नाही. वर ताटात तुपाची धार सोडली. मी खानावळीच्या ओसरीवर आडवा झालो तो मेल्यासारखा झोपलो. कित्येक दिवसांत असा झोपलो नव्हतो.

सकाळी उठलो ते कालव्यानं. खानावळीसमोर चंद्रपूरची गाडी उभी होती, आणि कालचाच कंडक्टर दारात लटकून ओरडत होता, "अम्मा, पेशंटले चढवता का नाई? मी किती वेळ उभा राहू?"

अम्मा मात्र शांतपणे नारळाला हळद-कुंकू लावत होती. "नई जाना," ती म्हणाली.

"काऊन? काल तं डॉक्टरनं चिठ्ठी देली, तुम्ही जागा धरून ठेवाले लावली."

अम्मानं माझ्याकडे बोट केलं. "इसका भाई अच्छा हुआ ना, मन्नत से? हम भी तिरुपति का मन्नत बोलेगा. दवाखाना नई."

मी आत डोकावलो. खाटेवर तिचा मुलगा होता, राजन्ना, माझ्याच वयाचा. अंगावर दोन घोंगड्या, आणि घोंगड्यांसकट खाट हलत होती. दात वाजत होते. डोळे पिवळे. तो आवाज मला पाठ होता हो. आमच्या घरात अशीच खाट हलली होती आणि आम्ही उद्या नेऊ, उद्या नेऊ करत बसलो होतो.

मी बाहेर येऊन म्हणालो, "अम्मा, गाडी में डालो. मेरा भाई अच्छा नहीं हुआ. मर गया."

अम्मा हसली. माझ्या गालावरून हात फिरवला. कालचा लाडूवाला लोकांना हिंदीतच समजावून सांगू लागला, की नवसाचा पुण्यवान माणूस आपलं पुण्य कधी कबूल करत नाही, दृष्ट लागते.

"अरे, मर गया," मी ओरडलो. "तिरुपति मैं देखाच नहीं."

"देखो, कितना सीधा आदमी है," लाडूवाला म्हणाला.

आता याला काय म्हणावं? ज्या गोष्टीपासून पळून मी दिवसभर सोंग घेऊन मान मोडून घेतली, तीच गोष्ट चव्हाट्यावर उभं राहून ओरडून सांगत होतो आणि एक माणूस ऐकेल तर शपथ. घरी कोणी न विचारता सगळे रडत होते. इथं मी रडकुंडीला आलो तर माझ्या पाया पडत होते.

शेवटी मी कंडक्टरचा दंड धरून त्याला खाली ओढलं. "भाऊ, तुमी सांगा. आमच्याकडं हे डोकं कायचं असते?"

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा खाटेकडे पाहिलं. "सुतकाचं," तो म्हणाला. "मी कालच ओळखलं होतं. पण हा झोपला होता." आणि मग त्यानं ते मोडक्यातोडक्या तेलुगूत अम्माला सांगितलं.

अम्माच्या हातातला नारळ तसाच राहिला. ती मला म्हणाली, "बोल."

आणि मी सांगितलं. पहिल्यापासून. थंडी कधी वाजली, कोणाचा अंगारा लावला, कोणत्या दिवशी तो आम्हाला ओळखेनासा झाला, शेवटचं पाणी कोणी पाजलं. गाडी उभी, ड्रायव्हरनंही इंजिन बंद केलं. एवढ्या वेळा सांगितलेली गोष्ट, पण पहिल्यांदाच ती कोणाच्या तरी कामाची होती. शेवटी मी म्हणालो, "अम्मा, हमने देर किया. तुम मत करो."

तिनं नारळ खाली ठेवला आणि माझ्या कानाखाली एक वाजवली. चांगली सणसणीत. मग राजन्नाला खांद्याखाली धरलं आणि मला म्हणाली, "पैर पकड़."

मी पाय धरले. गाडीत घातलं. उतरायला वळलो, तर तिनं माझी पिशवी मांडीखाली दाबून धरलेली. "दवाखाना किसने देखा? तूने. बैठ."

तर अशी माझी सहल. सिरोंच्याची गोदावरी मी पाहिली ती गाडीच्या खिडकीतून, पाठमोरी. सगळा दिवस राजन्नाचं डोकं माझ्या मांडीवर, खड्डा आला की मी त्याला धरायचं आणि अम्मानं मला धरायचं. मध्ये थोडा ताप उतरला तेव्हा अम्मानं त्याला माझी सगळी करणी सांगितली. तेलुगूतच सांगितली, पण "तिरुपति" आणि "लड्डू" हे शब्द मला कळत होते, आणि तो माझ्याकडे कसा बघत होता तेही.

संध्याकाळी चंद्रपूरच्या त्याच मोठ्या दवाखान्याची तीच पायरी. राजन्नाला खाटेवर घेतलं, सुई टोचली, बाटली लावली. सिस्टर कागद घेऊन आली. "पेशंटसोबत कोण हाय? नातं सांगा."

अम्माला मराठी थोडं कळायचं, पण बोलता येत नव्हतं. ती माझ्याकडे बघू लागली. सिस्टरही माझ्याकडे बघू लागली.

"भाऊ," मी म्हणालो.

सिस्टरनं लिहायला पेन टेकवलं आणि थांबली. तिनं खाटेवरच्या राजन्नाकडे पाहिलं. मग माझ्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं. मग परत राजन्नाकडे.

"भाऊ जित्ता हाय न अजून?" ती मला म्हणाली. "मंग डोकं आधीच करून आले काऊन? इतकी कायची घाई?"

उत्तर खाटेवरून आलं. दात वाजत होते, तरी राजन्नानं घोंगडीतून तोंड बाहेर काढलं आणि सिस्टरला म्हणाला,

"उसको कुछ मत बोलो. वो तिरुपति से आया है."