पेडलवाला

गेम झोनमधली पोरं त्याला चापटमास्तर म्हणायची. मशीन अडलं की आधी बाजूच्या पत्र्यावर एक चापट, मग पेचकस, मग शिव्या, असा त्याचा क्रम ठरलेला. निम्मी मशिनं चापटीवरच सुरू व्हायची. त्यामुळे जगात जे जे म्हणून अडतं ते बरोबर जागी बसलेल्या चापटीने सुटतं, असं त्याचं पक्कं मत झालं होतं. पन्नाशी उलटली, केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, मत जिथल्या तिथे. घरात मात्र तो अजून बारक्याच. दादा त्याला बारक्या म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे.

आता दादा काहीच म्हणत नव्हता. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बाजू हळूहळू परतायला लागली. काठी धरून तो संडासापर्यंत जाऊन यायचा, डाव्या हाताने जेवायचा. शब्द मात्र एकही नाही. आणि हा माणूस आयुष्यभर बस डेपोच्या लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारणारा. घरात पाणी मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. वहिनी एके काळी म्हणायच्या, जरा हळू बोला हो, माझे कान अजून मला वापरायचेत. आता त्याच वहिनी रात्रंदिवस त्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. कपाचं चित्र दाखवायच्या. दादा कपाकडे बघायचा, बाईंकडे बघायचा, ओठ जुळवायचा आणि नुसती हवा बाहेर यायची. मग त्याचे डोळे भरायचे आणि तो मान फिरवायचा. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की यायचं ते बहुतेक याच काही महिन्यांत येईल, पुढे फार आशा धरू नका. त्यातले बरेचसे महिने संपत आले होते.

बारक्या हवालदिल झाला होता. त्याला ना बायको ना पोर, सगळं गणगोत म्हणजे दादा. त्याने बाईंना गाठलं.

"काहीतरी युक्ती असेल ना तुमच्याकडे?"

"ठरवून बोलायला गेलं की अडतं," बाई म्हणाल्या. "कधी कधी विचार न करता सुटणारा शब्द आधी येतो. एखादी शिवी, आकडे, लहानपणी रोज तोंडात असलेलं काही. तसं काही आठवतं का बघा."

बारक्याला आठवायला कशाला लागतंय? तो तर त्या आठवणीतच राहायला गेला होता. आज तो ज्या गेम झोनमध्ये मशिनं दुरुस्त करत होता, तिथेच त्याचं बालपण गेलं होतं. आई दवाखान्यातल्या धुलाईत संध्याकाळपाळीला असायची. ती बाहेर पडली की दादा बारक्याचा हात धरून गेम झोनकडे निघायचा. खिशात दमडी नाही. पण दादा हुशार. छोट्या मुलांच्या खेळायच्या हौदातले प्लास्टिकचे चेंडू पोरं हॉलभर उधळायची, ते गोळा करून परत हौदात टाकायचे, त्याबद्दल काउंटरवरचा माणूस एक टोकन द्यायचा. एक टोकन म्हणजे एक खेळ. तो खेळ ठरलेला, गाडीचा.

त्या मशीनची सीट मोठ्या माणसाच्या मापाची, पुढे सरकवायची खटकी तुटलेली. दादाचे हात स्टिअरिंगला पुरायचे, पण पाय पेडलला पुरायचे नाहीत. मग बारक्या खाली शिरायचा. दोन्ही तळवे पेडलवर ठेवून उकिडवा बसायचा आणि वरून हुकूम यायचे. दाब. सोड. दाब, दाब, दाब. बारक्याला पडदा कधीच दिसला नाही. दिसायच्या त्या दादाच्या सोलवटलेल्या नडग्या. तरी दोघांनी मिळून जग पालथं घातल्यासारखं वाटायचं त्याला. खेळ संपला तरी दादा लगेच घरी न्यायचा नाही. दिवे मालवेपर्यंत दोघं तिथेच. असा भाऊ कोणाला मिळतो, या विचाराने बारक्याची छाती आजही फुगायची. आयुष्यभर दुसरी नोकरी त्याने शोधलीच नाही, त्याचं कारण हेच.

गाडीचं ते मशीन भंगारात जायचं म्हणून मागच्या खोलीत पडून होतं. बारक्याने मालकाकडे ते मागितलं. मालक म्हणाला, ने बाबा, माझी जागा तरी सुटेल. मग बारक्या त्याच्यापुढे मांडी ठोकून बसला. जळालेल्या तारा बदलल्या, दुसऱ्या मशीनचा पडदा काढून याला बसवला, स्पीकर साफ केला. दोन चापटी खाऊन मशीन सुरू झालं तेव्हा त्याला रडूच फुटलं.

"भावजी, त्यांना चापट मारून चालू करता येणार नाही हो," वहिनी म्हणाल्या.

"एकदा करून बघू द्या वहिनी. दुसरं आहे काय आपल्या हातात?"

वहिनींनी खोलीतली खाट भिंतीला सरकवली. मशीन दारातून आत जाईना, म्हणून दाराची झडप काढली, मशीन खोलीत घेतलं, झडप परत बसवली. मग दोघांनी धरून दादाला सीटवर बसवलं. त्याचा डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. बारक्या गुडघ्यांना शिव्या घालत खाली शिरला. लहानपणी तिथे ऐसपैस जागा असायची. आता मान मोडून, पोट आवळून बसावं लागलं. त्याने पेडलवर तळवे टेकवले आणि वहिनींना बटण दाबायला सांगितलं.

खोली गोंगाटाने भरून गेली. इंजिनांची घरघर, टायरांचा चीत्कार, कर्कश संगीत. बारक्या वाट बघत राहिला. वर सगळ्या गाड्या निघून गेल्या असणार, यांची एकटीच रेषेवर उभी. वेळ संपल्याचा भोंगा वाजला. शब्द आला नाही.

"परत लावा," बारक्या खालून म्हणाला.

परत भोंगा. परत लावलं. आता त्याच्याने राहवेना. "दादा, सांग ना रे. दाब म्हण. गाडी थांबलीय दादा. एकदाच म्हण, मी लगेच दाबतो." त्याचा आवाज चिरकला. दादाची नडगी त्याच्या खांद्याला लागून होती आणि ती थरथरत होती. शब्द चढतोय वर, असं बारक्याला वाटलं. "हां, येतंय, येऊ दे," तो म्हणाला.

"बं," वरून आलं. मग स्पष्ट, डेपोतल्या आवाजात, "बंद."

बारक्याने डोकं आपटून घेतलं बाहेर येताना. वहिनी दोन्ही हात तोंडावर धरून उभ्या होत्या. दादाचा चेहरा घामाने निथळत होता. "बंद," तो पुन्हा म्हणाला, "बंद, बंद," आणि बारक्याने धडपडत प्लग उपटला.

वहिनी रडत रडत फोनमध्ये बाईंचा नंबर शोधू लागल्या. बारक्या मात्र दादाकडे बघत होता. दादा मशीनकडे बघतच नव्हता. तो खोलीच्या दाराकडे बघत होता, टक लावून.

"वहिनी, हा दाराकडे का बघतोय?"

"बघणारच," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "गोंगाट झाला की त्यांचं हे असंच. लग्नानंतर एकदा सांगितलं होतं मला. मामंजी घरी आले की हात उगारायचे, दिसेल त्याच्यावर. म्हणून हे तुम्हाला घेऊन तिथे जाऊन बसायचे, ते झोपेपर्यंत. त्या आवाजात पावलं ऐकू यायची नाहीत, म्हणून सगळा वेळ दारावर नजर. खेळ कसला? खेळ एकदाही धड बघितला नाही म्हणाले."

"मला कधी बोलला नाही."

"म्हणाले, बारक्याला मजा यायची."

बारक्याने हातातला प्लग खाली ठेवला. बाबांचा मार आपल्या वाट्याला कसा आला नाही, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पडलाच नव्हता. हौसेने उचलून आणलं ते काय, तर दादाचं भय. आणि वर त्याला त्यात बसवून, येऊ दे, येऊ दे म्हणत होता. स्वतःचा गळा धरावा असं त्याला वाटलं.

"भावजी," वहिनी बाईंशी बोलून झाल्यावर फोन बाजूला ठेवून म्हणाल्या, "बाई म्हणतात, आत्ताच पुन्हा म्हणवून घ्या. शब्द आला तसा निसटतो म्हणे. लावा ना परत."

"वहिनी, तो घाबरतोय."

"घाबरू देत. बोलले ना? किती महिन्यांनी बोलले. हात जोडते, लावा."

त्यांनी खरंच हात जोडले. त्या हातांकडे बघून बारक्याने प्लग खोचला. गोंगाट उसळला आणि दादाची नजर पुन्हा दाराकडे धावली. बारक्या पेडलपाशी गेला नाही. तो दारापाशी गेला, कडी घातली आणि दाराला पाठ लावून खाली बसला.

"मी आहे इथे," तो मोठ्याने म्हणाला. "कोणी येत नाही दादा. तू खेळ."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचे खांदे उतरले. मान पडद्याकडे वळली. डावा हात स्टिअरिंगवर जरासा फिरला, पुन्हा फिरला. ओठ मिटलेले.

"म्हणा ना," वहिनी त्याच्याजवळ वाकल्या. "बंद म्हणा. आत्ता म्हणालात की. म्हणा हो."

भोंगा वाजला. दादाने हूं की चूं केलं नाही. वहिनींनी बारक्याकडे पाहिलं. काय मागताहेत ते त्याला कळलं. आपण दारातून उठलो तर शब्द परत येईल, हेही त्याला कळत होतं. त्या रडू लागल्या तरी तो हलला नाही.