बांधावरचा गुंता

माझी नोकरी म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या वाटा बघत बसणं. माल पोचवणाऱ्या गाड्या कुठून कुठे गेल्या, त्याच्या रेषा मी संगणकाच्या नकाशावर उघडते. रेषा सरळ गेली तर ठीक. एका जागी गुंता दिसला की लिहायचं, 'चालक भरकटला' किंवा 'वेळ काढला'. चालकाला कुणी विचारत नाही. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, मान धरते, आणि मला माणसांचाच कंटाळा येतो.

आई गेल्यावर बाबांना मी एव्हरशाईन वसाहतीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. तरी ते रिक्षा करून खाडीकाठच्या आमच्या शेतावर जायचेच. एकदा ते चुकून शेजारच्या इमारतीत शिरले. मी त्यांच्या फोनवर वाट नोंदवणारं ॲप चालू केलं आणि फोन सदऱ्याच्या खिशात ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी ती नोंद उघडली. रस्ता, शेत, बांध, सगळं नीट. पण खाडीच्या बाजूला, बांधाच्या एका टोकाशी लाल रेषेचा नुसता गुंता. दहा पावलं पुढे, पाच मागे, पुन्हा तिथेच, दोन तास. मी काय समजायचं ते समजले: बाबा भरकटले. बाबा पलीकडच्या खोलीत चहा पीत होते. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी उन्हात जायला बंदी केलीय, असं खोटंच सांगून मोकळी झाले.

"बाय, अमावाशेच्या आदी एकदा जाऊन येतो," ते म्हणाले.

"बघू," मी म्हटलं. दमले होते मी. खरं तर मला वादच नको होता.

सर्वपित्री अमावास्या झाली आणि शेजारच्या शेतातल्या काकांचा फोन आला. उधाणाचं खारं पाणी आमच्या शेतात शिरलं होतं. पोटरीला आलेलं भात गेलं.

"तुजा बापूस दर उधानाच्या आदी चिंबोऱ्यांची बिलं चिखलानं बुजवून जायचा. या खेपेला आला नाय तो?"

चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बांध पोखरतात. एक बीळ राहिलं तरी खाडी आत येते. बिळं हुडकत माणूस पुढे जातो, चिखल आणायला मागे येतो. हे मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

"बाबा, मला सांगितलं का नाही?"

"तू इचारला कुटं?"

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

ॲप बंद करायचं राहून गेलं होतं. त्या रात्री आदल्या दिवसाची नोंद उघडली, तर आमच्याच इमारतीवर लाल गुंता. घरात एका जागी असलेला फोन सिग्नल नीट न मिळाल्याने नकाशावर असाच भरकटतो, हे मला कामामुळे चांगलं ठाऊक आहे. फोन बाबांच्या खिशातच होता. म्हणजे ते दिवसभर खुर्चीतून उठले नव्हते.