नकाशातला नाला

सरकारने जनगणना पुढे ढकलली, तरी देशात एक माणूस मोजतच राहिला. ते माझे मामेसासरे. मोजणी खात्यातून निवृत्त, मुक्काम वडनेरच्या बाजूचं एक गाव. त्यांच्या वस्तीत मूल जन्मलं की आजीच्या आधी यांना कळवावं लागे. कुणी वारलं की मामा सांत्वनाला जात, डोळे पुसत आणि खिशातल्या वहीत एक आकडा कमी करत. पाया पडणाऱ्या नव्या सुनेलाही पहिला प्रश्न, "यादीत नाव आलं का वं तुहं?"

वेड बिनकामाचं नव्हतं. पंचायत समितीचे गण, म्हणजे तिथले मतदारसंघ, नव्याने पाडले जाणार होते. वस्ती एका गणात राहिली तर तिचा एक माणूस निवडून येण्याइतकी मतं होती. दोन तुकडे झाले की दोन्हीकडे नुसत्या टाळ्या वाजवायच्या. कच्चा आराखडा आला. सीमा नाल्यावरून, आणि नाला वस्तीच्या मधोमध. गंमत एवढीच, की तो नाला सरकारनेच कधीचा सरळ करून गावाबाहेर काढला होता. जुन्या पात्रात आता सिमेंटची गल्ली आहे.

इस्त्रीचा सदरा घालून, नकाशे काखेत मारून मामा हरकतीच्या सुनावणीला वर्ध्याला निघाले. गाडी माझी. तिथले साहेब फारच सौजन्यशील. प्रत्येकाला "बसा" म्हणत. खुर्ची मात्र एकच होती आणि तीत ते स्वतः होते.

"साहेब, तिथं नाला नाई. मी तिथं रोज सायकल ठेवून राह्यलो."

"नकाशात आहे, काका."

"मंग नकाशाले पूर येते का कधी?"

साहेब हसले. मामांनी पुढे केलेली वही मात्र त्यांनी उघडलीही नाही. लोकसंख्या मागच्या जनगणनेचीच धरायची, असा नियम. त्या हिशेबाने गेल्या वर्षी वारलेल्या मामी हयात होत्या आणि शाळेत जाणारी नातवंडं जन्मायची होती. हरकत विचारात घेतल्याचं पत्र आलं. रेषा जागची हलली नाही.

गल्लीच्या अलीकडे मामा, पलीकडे त्यांची थोरली बहीण. आजवर दोघं मतदानाला सोबत जात. आता मामांचं केंद्र शेजारच्या गावात गेलं. मतदानाच्या दिवशी ऊन उतरल्यावर ते म्हणाले, "आधी ताईचं करून घेतो. तिचे गुडघे चालत नाईत." तिच्या केंद्रावरचं यंत्र नेमकं तेव्हाच बिघडलं. ती मत देऊन बाहेर येईपर्यंत मामा फाटकाबाहेर उभे. मग तिला घरी सोडून मी गाडी पळवली. पोहोचलो तेव्हा मतदानाची वेळ संपून मामांचं केंद्र असलेल्या शाळेचं दार लागलं होतं.

आता मामा नियम काढतील, भांडतील, असं मला वाटलं. त्यांनी दाराची कडी एकदा हलवून पाहिली. "चाला, जावईबापू," एवढंच म्हणाले.

परतलो तर ताई ओट्यावर वाट पाहत बसलेली.

"टाकलं का रे मत?"

"टाकलं नं, ताई," मामा म्हणाले आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेले.