मशीननं आवाज धरला होता

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलते आहे, तेही नीट सांगता येणार नाही. तुम्ही गिरजाबाईंना ओळखत नाही, बहुधा म्हणूनच.

मला फोन येतात. शिक्षकांचे, जास्त करून. "मॅडम, घरच्या कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड करायचा आहे, कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" मी सांगते. नीट, सविस्तर सांगते. आधी विचारते — मशीन किती जुनं आहे, नुसतं बोलायचं आहे की मागे पेटीबिटी वाजवायची आहे, कापाकापी करायची आहे का. सुरुवातीलाच पैसे घालू नका म्हणते. आणि बजावते, की मूळ रेकॉर्डिंग कधी पुसू नका, कापायचं ते त्याच्या नकलेवर कापा. लोक आभार मानतात. मी फोन ठेवते, आणि दर वेळी मला एक दुपार आठवते. नाही — तीन दुपारी. त्यातली तिसरीच खरी सांगायची आहे. पण एकदम तिच्यापाशी जाता येत नाही मला. थोडं मागून येऊ द्या.

कामरगावपासून जीपनं थोडं आत आमचं गाव. घराला लागून घर आहे, तिकडे मोठे दीर आणि जाऊ. जाऊ म्हणजे गिरजाबाई. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, मी शिक्षिका. घरात 'मला' म्हणणारी मी एकटी, बाकी सगळे 'मले'. मीही आधी 'मले'च म्हणत होते. डी.एड.ला पुण्याला गेले, तिथं हॉस्टेलवर वर्षभर माझ्या 'मले'ची नक्कल झाली, आणि मी ते सोडलं. हे कारण म्हणून सांगत नाही. हसल्या त्या हॉस्टेलच्या मुली, गिरजाबाई नव्हे.

शाळा बंद होत्या त्या काळातली गोष्ट. मुलं घरी, पुस्तकं घरी, आणि आम्ही पालकांच्या मोबाइलवर काहीबाही पाठवायचो. मला वाटलं, गोष्टी पाठवाव्यात. व्हिडिओला नेट पुरत नाही, नुसता आवाज पोहोचतो. घरात एक जुना कॉम्प्युटर होता, बहिणीच्या घरून आलेला. कारंज्याहून एक माइक आणला. आणि गोष्टी — त्या कुठून आणायच्या, हा प्रश्नच नव्हता. भिंतीपलीकडे गिरजाबाई होत्या.

त्यांच्या गोष्टी पुस्तकातल्या नव्हत्या, ऐकलेल्याही नव्हत्या. निंदताना, शेंगा फोडताना त्या स्वतः रचायच्या. शेजारच्या बाया काम विसरून ऐकायच्या. मी विचारलं तेव्हा त्या लाजल्या, मग म्हणाल्या, "मी सांगतो वं, पन मले त्या मशीनसमोर हासू नको येऊ देजो."

पहिल्या दुपारी त्या धुतलेलं लुगडं नेसून आल्या. केसांना तेल. आवाजाला कशाला लुगडं लागतं? पण त्या आल्या तशा. मी पंखा बंद केला, खिडकी लावली, लाल बटण दाबलं. पहिली गोष्ट कोंबडीची. कोंबडीला पोहरादेवीच्या जत्रेला जायचंय, ती एसटीत चढते.

"कंडक्टर म्हने, पोटात अंडे किती? कोंबडी म्हने, तीन. मंग तीन हाफ लागन, म्हने. कोंबडी बसली तिथंच खाली, तिन्ही अंडे घातले, न् म्हने, घे बापा, हे उतरले. आता माह्या एकलीचं काट!"

मी तोंडात पदर कोंबून हसत होते. सात गोष्टी झाल्या. पाऊण तास त्या कुठे अडखळल्या नाहीत.

त्या गेल्यावर मी ऐकायला बसले. तुम्हाला वाटत असेल, आता मी सांगणार की आवाज खरखरीत आला, घुमला. तसं काही नव्हतं. आवाज स्वच्छ आला होता. इतका, की अंडी घालताना कोंबडीनं घेतलेला दमसुद्धा ऐकू येत होता. त्याआधी मी स्वतःच्या आवाजात दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या, गिरजाबाईंनी त्या ऐकल्याही होत्या. त्या लावल्या, मग पुन्हा गिरजाबाईंच्या लावल्या. दोन वाक्यांत कळलं. मी वाचत होते, त्या सांगत होत्या.

आणि मला आनंद व्हायला हवा होता ना? घरात असा खजिना सापडला. मला झाला नाही. हे पाठवलं तर पालक काय म्हणतील — मॅडमच्या घरी असं बोलतात? शाळा तपासायला येणारे साहेब काय म्हणतील? हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. त्याच्या खाली दुसरं होतं. मुलं कुणाचा आवाज मागतील, ते मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या अंगणातूनच ओरडल्या, "काय वं वंदना, आला का माहा आवाज?"

मी म्हणाले, "नाही आला बाई नीट. सॉफ्टवेअर बरोबर नाही हे."

किती सहज आलं तोंडातून. त्यांना सॉफ्टवेअर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि मला ते ठाऊक होतं की त्यांना ठाऊक नाही.

"मंग दुसरं टाक ना," त्या म्हणाल्या. "कायले हारून राह्यली?"

आणि मग मी खरंच दुसरं टाकलं. पहिलं अगदी साधं होतं — बोला, थांबवा, झालं. दुसरं फुकटचं, दिसायला करडं, बटणांनी भरलेलं, पण त्यात मागचा गोंगाट काढायची सोय होती, आणि चुकलं तर मागे जाता यायचं. तिसरं देखणं. पंधरा दिवस फुकट आणि मग पैसे मागणारं, शिवाय आमचं म्हातारं मशीन त्यात दर पाच मिनिटांनी अडकायचं. चौथं नेटवरच चालायचं, म्हणजे आमच्या गावात चालायचंच नाही. मी रोज त्यांच्यात डोकं घालून बसत होते. लोकांना आज जे सांगते ते सगळं तेव्हा शिकले. खोटं खरं दिसावं म्हणून शिकले. माझी विद्या ही अशी आहे.

शिकता शिकता मी गिरजाबाईंच्या गोष्टी स्वतःच्या आवाजात केल्या. पुस्तकी मराठीत. "कोंबडी म्हणाली, ही पाहा अंडी. आता फक्त माझे तिकीट द्या." मागे पेटीचे सूर टाकले. पालकांच्या गटावर पाठवल्या. पालकांचे अंगठे आले, फुलं आली. गोष्ट कुणाची ते मी लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही — पण विचारलं असतं तर?

दुसऱ्या दुपारी त्या पुन्हा आल्या. नवीन सॉफ्टवेअर आलंय म्हणून. मी रेकॉर्ड केलं, आणि संध्याकाळी पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी मलाच धीर दिला. "तुही मेहनत वाया चालली वं," म्हणाल्या. दिरांना सांगून वाशिमहून दुसरा माइक आणवला. त्यांना वाटलं, वस्तूच कमी पडते आहे.

आता तिसरी दुपार.

त्या आल्या. तेच लुगडं. नवा माइक खोक्यासकट हातात. मी तो जोडला. खिडकी लावली, पंखा बंद केला, सगळं तसंच केलं. त्यांना म्हणाले, "सांगा."

आणि मी लाल बटण दाबलं नाही.

विसरले नव्हते. बोट त्याच्यावर होतं. मनात आलं, कशाला उगाच मशीनमधली जागा अडवायची, संध्याकाळी नाहीच म्हणायचं आहे. बोट उचललं आणि मांडीवर ठेवलं. पडद्यावरची आवाजाची रेघ सरळ पडून होती. त्या बोलत होत्या, आणि रेघ हलत नव्हती. त्यांना ती रेघ वाचता येत नव्हती. मी मान डोलावत होते. नवीन गोष्ट होती ती. एका चुलीची, जिला सासरी जायचं नव्हतं. मी तोवर ऐकलेली नव्हती, आणि पुढे कधी ऐकलीही नाही. निम्मी मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हते ना, चेहरा सांभाळत होते.

वीस मिनिटं. घाम पुसत, हातवारे करत, चुलीचा आवाज काढत, एक बाई भिंतीला गोष्ट सांगत होती, आणि भिंत मी होते.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "आतातरी?"

मी माउस हलवला. खोटंच दोन-तीन ठिकाणी दाबलं. म्हणाले, "नाही बाई."

त्यांनी माइकचं रिकामं खोकं जवळ ओढलं. मग हळूच म्हणाल्या, "तुहा तं येते चांगला. माहाच आवाज मशीनले धकत नसन."

इथं थांबता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, काहीतरीच काय बाई, आवाजाचं काय त्यात. तेवढंही पुरलं असतं.

मी म्हणाले, "हो. काही काही आवाज नाही धरत मशीन."

हेच ते. बाकी सगळं याच्या भोवतीचं आहे. गोष्टी घेतल्या, नाव लावलं नाही, हे लोक करतात, मीही केलं. पण एका माणसाला त्याच्याच आवाजाबद्दल हे सांगायचं — आणि त्यानं ते खरं मानायचं.

गिरजाबाईंनी खरं मानलं. त्या कधी चिडल्या नाहीत, कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त मशीनपासून दूर राहू लागल्या. त्यांची लेक नाशिकला दिलेली आहे. तिचा फोन आला की आधी अर्धा अर्धा तास चालायचं. आता त्या 'बरी हाये ना? जेवली ना?' एवढं म्हणतात आणि फोन दिरांच्या हाती देतात. लेक एकदा मला म्हणाली, "काकू, आई माह्यावर रागावली काय वं? बोलतच नाही." मी म्हणाले, वय झालं, ऐकू कमी येतं असेल. बघा, आणखी एक.

नातवाच्या बारशाला लेक गावी आली होती. पाळणा म्हणायला सगळ्या बायांनी गिरजाबाईंनाच पुढं ढकललं. त्यांनी सुरू केला, पहिलं कडवं झालं, आणि जावयानं मोबाइल वर धरला. त्या तिथंच थांबल्या. तोंडावर पदर घेतला आणि मागे सरल्या. "तुमी म्हना बापा," म्हणाल्या, "माह्यानं ते बिघडन." सगळ्या हसल्या. पाळणा दुसऱ्या बाईनं पुरा केला. मी त्या वेळी हळदीकुंकवाचं ताट धरून उभी होते. ते ताट कुणाच्या तरी हातात द्यायला आणि चार पावलं पुढं जायला किती वेळ लागला असता?

माझं मात्र चांगलं चाललं होतं. शाळा सुरू झाल्या, तरी माझ्या गोष्टी फिरत राहिल्या. तालुक्याच्या ठिकाणी बोलावून माझ्याकडून शिक्षकांना शिकवून घेतलं — आवाज कसा रेकॉर्ड करायचा, सॉफ्टवेअर कसं निवडायचं. शाल मिळाली. कुणीतरी भाषणात म्हणालं, मॅडमचा आवाज घराघरांत पोहोचला. मी शाल घेऊन घरी आले तेव्हा गिरजाबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून माझी दृष्ट काढली.

मागच्या उन्हाळ्यात मी ठरवलं, की सांगायचं. तोंडानं जमणार नाही हे माहीत होतं, म्हणून म्हटलं, ऐकवावं. पहिल्या दुपारचं मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते मी पुसलेलं नाही. त्यांना चहाला बोलावलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं, म्हणाले, "बाई, एक ऐका," आणि लावलं. माळ्यावरच्या मांजरीची गोष्ट होती.

त्या पुढं झुकल्या. थोड्या वेळानं हसल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ही तं माहीच मांजर हाये वं. कोनाकून सांगून घेतली?"

त्यांनी स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. ऐकवला कुठं होता मी?

"लय झाक सांगते बाई," त्या म्हणाल्या. "माह्याच्यानं असं नसतं झालं. कोन हाये ही?"

विचारलं हो त्यांनी. सरळ विचारलं. एका शब्दाचं उत्तर होतं. त्या माझ्या तोंडाकडं पाहत होत्या, चहाची बशी हातात, आणि मशीनमधून त्यांचाच आवाज येत होता.

मी म्हणाले, "आहे एक बाई. यवतमाळकडची."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ऐकू लागल्या.